स्वभावाला शेवटी हात घाला: अडलेल्या कामाचं मानसशास्त्र, पायरीपायरीने

काम अडलं की आपण सगळ्यात आधी स्वभावावर खापर फोडतो. 'मी मुळातच आळशी', 'मला टेन्शन घ्यायची सवयच आहे', 'मी असाच तापट'. हे स्पष्टीकरण गोल फिरतं. काम का झालं नाही? आळशी आहे म्हणून. आळशी कशावरून? काम झालं नाही त्यावरून. असं म्हटलं की पुढे विचारण्यासारखा एकही प्रश्न शिल्लक राहत नाही, आणि बहुतेक वेळा आपल्याला तेच हवं असतं.

मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत प्रेरणा, भावना, ताण आणि व्यक्तिमत्त्व अशी प्रकरणं असतात. विद्यार्थी ती चार वेगळे विषय असल्यासारखी पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. स्वतःच्या एखाद्या प्रसंगावर ती वापरून बघावीत हे क्वचितच कुणी सांगतं. या लेखात ती एका ठरावीक क्रमाने वापरायची आहेत: आधी ताण, मग प्रसंगाचा आपण लावलेला अर्थ, मग भावना, मग प्रेरणा, आणि स्वभाव सगळ्यात शेवटी. हा क्रम पुस्तकातला नाही, माझा आहे. हिशेब साधा आहे: जे लवकर बदलतं ते आधी तपासायचं. झोप दोन-चार रात्रींत सुधारू शकते, स्वभाव हलायला महिने लागतात.

सुरुवात करण्याआधी

एकच अडलेली गोष्ट निवडा आणि ती क्रियापदासकट एका वाक्यात लिहा. 'करिअर' किंवा 'आत्मविश्वास' असले मोठे शब्द नकोत. 'प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहायचं टाळते आहे', 'वरिष्ठांशी बोलायचं लांबवतो आहे', 'संध्याकाळी मुलांवर ओरडतो' असं काहीतरी चालेल. पुढे उदाहरणासाठी मी प्रबंध टाळणारी एक काल्पनिक विद्यार्थिनी धरली आहे. तुम्ही तिच्या जागी स्वतःचं वाक्य ठेवा.

हा उद्योग कुणी करू नये, तेही आधीच सांगतो. सलग दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नुसतं अडलेलं काम नाही. डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडे थांबायचा प्रश्नच नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत मिळवा.

पायरी १: आठवडाभर फक्त नोंद

पहिल्या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. काम टाळलं गेलं की त्याच दिवशी चार ओळी लिहायच्या: वेळ काय होती, त्याआधीचा तास कशात गेला, अंगात काय जाणवत होतं, आणि काम सोडून प्रत्यक्षात काय केलं. शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात, पण सगळ्यात जास्त माहिती तिच्यातच असते. 'वेळ वाया घालवला' असं लिहू नका, तो निकाल झाला. 'कपाट आवरलं' ही नोंद झाली.

आमच्या विद्यार्थिनीच्या वहीत असं काहीतरी येईल: 'रात्री साडेनऊ. आधी मार्गदर्शकांचा ईमेल वाचला. पोटात गोळा, खांदे आखडलेले. फाइल उघडली, बंद केली, संदर्भांची यादी नीट लावत बसले.' यादी लावणं हेही प्रबंधाचंच काम आहे, म्हणून ती स्वतःला आळशी म्हणू लागली तर ते तिच्याच वहीशी जुळत नाही.

पायरी २: आधी शरीर बघा

ताण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर विचार येतात. पण त्याचा अभ्यास सुरू झाला तो शरीरापासून. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'लढा किंवा पळा' ही प्रतिक्रिया मांडली: धोका दिसताच अॅड्रेनालिन वाढतं, हृदय वेगाने धडधडतं, स्नायूंकडे रक्त वळतं, पचन मंदावतं. पोटातला गोळा तो हाच. हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम, औषधांचे डोस असे वेगवेगळे त्रास दिले, तरी त्यांच्या शरीरातले बदल बरेचसे सारखेच निघाले. मूत्रपिंडांवरच्या अॅड्रेनल ग्रंथी सुजल्या, रोगप्रतिकाराशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसली, पोटात व्रण झाले. यातून पुढे त्याने तीन टप्पे सांगितले: धोक्याची सूचना, प्रतिकार, आणि शेवटी थकून कोलमडणं. मधला टप्पा फसवा असतो. माणूस तेव्हा 'मस्त चाललंय' म्हणतो, आणि ते खोटंही नसतं.

व्यवहारात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट लक्षात ठेवा. शरीराच्या दोन यंत्रणा वेगवेगळ्या वेगाने चालतात. अॅड्रेनालिनची यंत्रणा काही सेकंदांत पेटते. दुसरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागापासून पिट्युटरी ग्रंथीमार्गे अॅड्रेनल ग्रंथीपर्यंत जाते आणि कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सोडते. त्याची पातळी शिखरावर पोचायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे भांडण संपून दरवाजा आपटला गेला तरी शरीराचा निम्मा कार्यक्रम अजून बाकी असतो. त्या अर्ध्या तासात ना कामाचा निर्णय घ्यावा, ना स्वतःविषयी निष्कर्ष काढावा. चालून या.

ताण लांबत गेला तर त्याची किंमत शरीर चुकवतं. जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवर मोजून एक छोटी जखम केली आणि तशीच जखम इतर स्त्रियांच्या त्वचेवरही केली. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी सुमारे ४९ दिवस लागले, इतरांची सुमारे ३९ दिवसांत भरली. अभ्यास छोटा होता, दोन्ही गटांत तेरा-तेराच जणी. तरी 'ताण फक्त डोक्यात असतो' असं म्हणणाऱ्याला दाखवायला तो पुरेसा आहे.

मग ताण शून्यावर आणायचा का? नाही. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांना दोन पेट्यांतली बरोबर पेटी ओळखायला शिकवलं. चुकीच्या पेटीत शिरलं की विजेचा सौम्य किंवा जोरदार झटका. पेट्यांतला फरक ठळक असताना झटका जितका जोरदार तितकं शिकणं जलद झालं. फरक ओळखणं अवघड केल्यावर मात्र मध्यम झटकाच सर्वांत उपयोगी ठरला. पुढे पुस्तकांनी या निष्कर्षाला 'ताण आणि कामगिरी' असं नाव देऊन उलट्या U सारखा एक गुळगुळीत वक्र काढला. मूळ प्रयोग एवढं मोठं काही सांगत नव्हता. पण कामाचा अवघडपणा लक्षात घ्यायला हवा ही त्यातली गोष्ट घेण्यासारखी आहे. फायली लावणं, यादी करणं, साफसफाई ही कामं मुदतीच्या धाकाने झपाट्याने होतात. नवा विचार मांडणारं प्रकरण त्याच धाकाने गोठतं. शेवटच्या रात्री काम होतं असा ज्यांचा अनुभव आहे त्यांनी कोणतं काम होतं हे एकदा तपासावं.

या पायरीवर करायचं एवढंच: वहीतल्या नोंदींसमोर त्या दिवशीची झोप, जेवणाची वेळ आणि कॅफिन लिहा. टाळाटाळ कमी झोपेच्या दिवशीच गोळा झालेली दिसली तर पुढच्या पायऱ्या आठवडाभर बाजूला ठेवा आणि झोपेची वेळ सांभाळा. त्या क्षणी अंग शांत करायचं असेल तर श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवा. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाची गती किंचित उतरते, त्याचा फायदा मिळतो. यात गूढ काही नाही.

पायरी ३: दोन प्रश्न

१९६७ साली होम्स आणि राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी करून प्रत्येकीला गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, लग्न ५०, सुट्टीवर जाणं १३. बेरीज करा आणि आजारी पडण्याचा धोका काढा. कल्पना लोकप्रिय झाली, पण तिच्यात एक मोठी फट होती. कुणाचा घटस्फोट म्हणजे आभाळ कोसळणं असतं, कुणाची सुटका. घटनेचे गुण दोघांना सारखेच.

ती फट रिचर्ड लाझारस यांनी बुजवली. त्यांच्या गटाने १९६४ साली छापलेल्या एका प्रयोगात लोकांना एका जमातीच्या दीक्षाविधीतल्या शस्त्रक्रियेची अंगावर काटा आणणारी फिल्म दाखवली. चित्रं तीच, निवेदन वेगवेगळं. एका निवेदनात वेदनेवर भर होता. दुसऱ्यात हे मुलांसाठी आनंदाचं आहे असं सांगितलं होतं. तिसऱ्यात अभ्यासकाची तटस्थ भाषा होती. वेदनेचं निवेदन ऐकणाऱ्यांच्या शरीरात जास्त खळबळ दिसली आणि बाकी दोन्ही निवेदनांनी ती कमी केली. पुढे १९८४ साली सुसान फोकमन यांच्यासोबत लाझारस यांनी सिद्धान्त नीट मांडला: ताण घटनेत नसतो, माणूस स्वतःला दोन प्रश्न विचारतो त्यांच्या उत्तरांत असतो. पहिला, यात माझं काय पणाला लागलंय? दुसरा, याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे?

हे दोन्ही प्रश्न कागदावर लिहा आणि खरी उत्तरं द्या. मनातल्या मनात दिलेली उत्तरं नेहमी धूसर राहतात, म्हणून लिहिण्याचा आग्रह. विद्यार्थिनी पहिल्या प्रश्नाला 'पदवी' असं लिहील. थोडं थांबली तर 'मार्गदर्शकांना कळेल की मला विषय समजलेलाच नाही' असं लिहील. हे दुसरं उत्तर खरं. एका मसुद्याने ते खरोखर पणाला लागतं का, हा प्रश्न आता विचारता येतो. मघाशी तो दिसतच नव्हता. दुसऱ्या प्रश्नाला माणसं स्वतःपुरतं उत्तर देतात आणि इतरांना मोजायचं विसरतात. कुणाला विचारता येईल, कुणी वाचून देईल, मुदत कुणाकडून वाढवून मिळेल, हेही तुमच्याकडे 'आहे' त्यातच येतं.

मग पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे आपल्या हातातलं, उजवीकडे नसलेलं. डावीकडच्या गोष्टींवर कृती करायची, उजवीकडच्यांबाबत स्वतःच्या भावना सांभाळायच्या. मुदत पुढे ढकलायचा अर्ज करता येत असताना ध्यानाला बसणं जितकं व्यर्थ, तितकंच आधीच लागलेल्या निकालावर रात्रभर योजना आखणं. हातात काहीतरी आहे ही जाणीवसुद्धा किती काम करते हे ग्लास आणि सिंगर यांच्या आवाजाच्या प्रयोगांत दिसलं. कर्कश आवाज सगळ्यांना सारखाच ऐकवला. काही जणांना तो बंद करायचं बटण दिलं आणि शक्यतो दाबू नका असं सांगितलं. बहुतेकांनी दाबलं नाहीच, तरी नंतरच्या कामात ते जास्त चिकाटीने टिकले आणि त्यांच्या चुका कमी झाल्या.

पायरी ४: भावनेचं नेमकं नाव

विल्यम जेम्स यांनी १८८४ साली उलटा विचार मांडला: आपण घाबरतो म्हणून पळत नाही, पळतो आणि अंग थरथरतं म्हणून घाबरल्याचं जाणवतं. कॅनन यांनी १९२७ साली त्यावर आक्षेप घेतला की राग, भीती, ताप यांत शरीरातले बदल बरेचसे सारखेच असतात, मग भावना वेगळ्या कशा ओळखू येतात? हा वाद पूर्ण मिटलेला नाही. आपल्याला त्यातून एक कामाची गोष्ट मिळते: शरीराची खळबळ स्वतःहून आपलं नाव सांगत नाही, ते आपण देतो, आणि ते चुकू शकतं.

शाक्टर आणि सिंगर यांनी १९६२ साली लोकांना जीवनसत्त्व म्हणून अॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. परिणाम न सांगितलेल्यांनी शेजारी बसवलेल्या नटाचा मूड, आनंद असो वा चिडचिड, जास्त उचलला. पुस्तकात हा प्रयोग वाचताना वाटतो तेवढे त्याचे आकडे स्वच्छ नव्हते आणि पुढच्या प्रयोगांनी त्याला सरसकट दुजोरा दिला नाही. म्हणून त्यावर फार मोठी इमारत बांधू नका. पण रिकाम्या पोटी तिसरा कप कॉफी घेऊन लिहायला बसल्यावर होणारी धडधड 'मला जमणार नाही' म्हणून वाचली जाऊ शकते, एवढं मानायला हरकत नसावी.

आता वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर भावनेचं नाव लिहा. 'टेन्शन' आणि 'बोअर' हे दोन शब्द या कामासाठी बाद. धास्ती, धाकधूक, संकोच, ओशाळलेपण, वैताग, चडफड, असूया, हिरमोड, उबग, अपराधीपणा यांतलं काय? नाव नेमकं पडलं की पुढचं पाऊल आपोआप वेगळं होतं. धास्तीला माहिती हवी असते, उबगाला बदल, अपराधीपणाला एखादी दुरुस्ती किंवा माफी. तिघांना 'टेन्शन' म्हटलं तर तिघांवर एकच उपाय होतो, बहुधा फोन. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने २००७ साली मेंदूच्या प्रतिमांत पाहिलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव देताना अमिग्डला या भीतीशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया कमी होते. चेहऱ्यांच्या फोटोंवरून आपल्या रात्रीच्या घालमेलीपर्यंत उडी मारताना थोडं सावध राहावं, पण नाव देण्याला खर्च काही नाही.

टाळाटाळीबद्दल बोलायचं तर मला वाटतं गाभा इथेच आहे. फ्यूशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ साली मांडलं की चालढकल ही वेळेच्या नियोजनातली त्रुटी कमी आणि मूड सावरण्याची धडपड जास्त असते. काम समोर आलं की जी भावना येते तिच्यापासून माणूस पळतो, कामापासून नव्हे. फाइल बंद केल्याक्षणी बरं वाटतं. ते बरं वाटणं हेच बक्षीस, म्हणून सवय पक्की होते. वेळापत्रकाचं सुंदर अॅप घेऊनही काम का होत नाही याचं उत्तर यात सापडतं. अॅप वेळ सांभाळतं, ओशाळलेपण नाही.

भावनेचं काय करायचं? जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली ती हाताळायच्या पाच जागा सांगितल्या: प्रसंग निवडणं, प्रसंग बदलणं, लक्ष वळवणं, अर्थ बदलणं, आणि अगदी शेवटी प्रतिक्रिया आवरणं. आपण बहुधा पाचव्या जागेवर जोर लावतो, दात ओठ खाऊन. तीच सगळ्यात महागडी. भावना दाबून चेहरा कोरा ठेवणाऱ्यांना त्या वेळी घडलेल्या गोष्टी कमी आठवतात आणि आतली खळबळ काही थांबत नाही. म्हणून जमेल तितकं वरच्या जागांवर काम करा. विद्यार्थिनीसाठी प्रसंग बदलणं म्हणजे मार्गदर्शकांचा ईमेल लिहायला बसण्याआधी न वाचता लिहून झाल्यावर वाचणं. एवढ्याने तिच्या वहीतले निम्मे प्रसंग गळतील.

अर्थ बदलणं म्हणजे गोड खोटं बोलणं नव्हे. अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली गाणं, भाषण आणि गणित या तिन्ही कामांआधी काही जणांना 'मी शांत आहे' तर काहींना 'मी उत्साहात आहे' असं म्हणायला लावलं. उत्साह म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. धडधडणाऱ्या छातीला शांत म्हणणं अंगालाच पटत नाही, उत्साह म्हणणं पटतं.

पायरी ५: प्रेरणा कुठे गळते आहे?

इथपर्यंत आल्यावरही काम अडलेलंच असेल, तर प्रेरणेकडे वळा. सगळ्यात आधी मास्लोचा पिरॅमिड डोक्यातून थोडा बाजूला करा. अब्राहम मास्लो यांनी १९४३ च्या निबंधात गरजांचा क्रम मांडला खरा, पण त्यात पिरॅमिड काढलेला नव्हता, आणि हा क्रम ताठर नाही असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. उपाशी माणसं कविता लिहितात. पाच थरांचं ते चित्र परीक्षेत गुण देतं, अडलेल्या कामाला मदत करत नाही.

मदत होते ती एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीची. त्यांच्या मते माणसाच्या तीन मानसिक गरजा असतात: हे मी ठरवलंय असं वाटणं, हे मला जमतंय असं वाटणं, आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. अडलेल्या कामाला या तीन प्रश्नांनी तपासा. तिघांची गळती वेगळी दिसते. पहिली गरज भागत नसेल तर बंडखोरी येते, माणूस तेच काम सांगितलं नसतं तर आनंदाने केलं असतं असं म्हणतो. दुसरी भागत नसेल तर भीती आणि फाटे फोडणं. तिसरी भागत नसेल तर 'कोणाला काय फरक पडतो' ही कोरडी थकवा आणणारी भावना.

बक्षिसं लावण्याआधी मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग आठवावा. चित्रं काढायला आवडणाऱ्या छोट्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधीच सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत ही मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांची आवड तशीच राहिली. पण याचा सरसकट 'बक्षीस वाईट' असा अर्थ काढणारे घाई करतात. आवड मुळात होती, म्हणून ती उतरली. भांडी घासण्याची आवड कुणाची उतरणार? कंटाळवाण्या कामाला खुशाल बक्षीस लावा, आवडत्या कामाला जपून.

'मला जमतंय' ही भावना उपदेशाने येत नाही. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली तिचे चार स्रोत सांगितले, त्यात सगळ्यात भक्कम म्हणजे स्वतः करून यशस्वी झाल्याचा अनुभव. आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहणं त्याखालोखाल. 'तू करू शकतेस' हे ऐकणं बरंच कमकुवत. तेव्हा काम इतकं लहान करा की आजच पूर्ण होईल. 'दुसरं प्रकरण' हे काम नाही. 'तिसऱ्या परिच्छेदात दोन अभ्यासांतला फरक तीन वाक्यांत लिहिणं' हे काम आहे.

मग त्याला 'जर-तर'मध्ये, म्हणजे 'अमुक झालं की तमुक करीन' अशा वाक्यात बांधा. पीटर गोल्विट्झर यांच्या या कल्पनेवरचे ९४ प्रयोग २००६ मध्ये एकत्र तपासले गेले आणि परिणाम चांगला मध्यम ते मोठा निघाला. मानसशास्त्रात इतकं स्वस्त साधन दुसरं मला माहीत नाही. 'रोज लिहीन' हा संकल्प झाला. 'सकाळचा चहा संपून कप ठेवला की फाइल उघडून कालच्या शेवटच्या वाक्यापुढे एक वाक्य लिहीन' ही जर-तर. पहिला भाग म्हणजे घडणारच अशी, डोळ्यांना दिसणारी गोष्ट हवी. 'वेळ मिळाला तर' हा जर नव्हे. एक जर-तर अडथळ्यासाठीही ठेवा: 'फाइल बंद करावीशी वाटली तर आधी भावनेचं नाव समासात लिहीन, मग हवं तर बंद करीन.' एका वेळी दोनच. दहा जर-तर म्हणजे पुन्हा वेळापत्रक.

पायरी ६: आता स्वभाव

एव्हाना तुमच्याकडे काही आठवड्यांच्या नोंदी असतील. त्यांच्याशिवाय स्वभावाबद्दल बोलण्यात अर्थ नाही, याचं कारण बर्ट्रम फोरर यांनी दाखवून दिलं. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं खास व्यक्तिमत्त्व-वर्णन दिलं. पाचपैकी सरासरी सुमारे ४.३ गुण देऊन विद्यार्थ्यांनी ते अचूक ठरवलं. सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. हा अभ्यास १९४९ साली छापून आला. ऑनलाइन चाचणीचा निकाल वाचून 'अगदी मीच!' असं वाटलं तर तो निकाल मित्राला त्याचा म्हणून वाचून दाखवा.

चाचणी घ्यायचीच असेल तर 'तुम्ही अमुक प्रकारचे' असं सांगणारी टाळा आणि पाच स्वभावगुणांच्या पट्ट्यांवर तुमची जागा दाखवणारी घ्या. ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसांचं वर्णन करणारे जवळपास १८ हजार शब्द काढले होते. पुढच्या काही दशकांत अनेकांनी ते गाळत, गटांत बसवत पाच मोठ्या गुणांपर्यंत आणले: नव्या अनुभवांविषयी मोकळेपणा, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. यात कुणीही निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख नसतो. बहुतेक माणसं पट्टीच्या मध्यावर कुठेतरी असतात, आणि मध्यावर रेघ मारून दोन डबे केले की रेघेच्या अलीकडचे-पलीकडचे शेजारी उगाच परके होतात.

'स्वभाव रक्तात असतो' याबद्दल: जुळ्यांच्या अभ्यासांतून या गुणांची आनुवंशिकता साधारण ४० ते ५० टक्के निघते. हा आकडा लोकसमूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे. तुमचा निम्मा आळस आजोबांकडून आला असा त्याचा अर्थ होत नाही.

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ साली मानसशास्त्रज्ञांची झोप उडवली. स्वभावाच्या गुणावरून एखाद्या प्रसंगातलं वागणं सांगायला गेलं तर सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध) ०.३ च्या वर क्वचित जातो, असं त्यांनी दाखवलं. अनेक प्रसंगांची सरासरी घेतली की स्वभाव पुन्हा ठळक दिसू लागतो, हे उत्तर नंतर मिळालं. पुढे मिशेल आणि युइची शोदा यांनी उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं निरीक्षण केलं तेव्हा अधिक रोचक गोष्ट दिसली. दोन मुलं सरासरी सारखीच भांडखोर, पण एक मोठ्या माणसाने दटावलं की उसळतं, दुसरं सोबत्यांनी चिडवलं की. प्रत्येकाचा स्वतःचा 'असं झालं की तसं वागणं' हा नकाशा बराच स्थिर होता.

तोच नकाशा तुमच्या वहीत शोधायचा आहे. काम टाळणं सगळीकडे दिसतं का? घरचं, स्वतःचं, इतरांचं, आवडीचं, सगळंच, आणि शाळेपासून? मग शिस्तशीरपणाच्या पट्टीवर तुम्ही खाली आहात असं म्हणायला आधार आहे. विद्यार्थिनीच्या वहीत मात्र बिलं वेळेवर, मैत्रिणीचं काम वेळेच्या आधी, आणि अडतं फक्त तिथे जिथे कुणी तिचं लिखाण तोलणार असतं. तिने 'आळशी' हा शब्द खोडावा आणि पायरी तीन-चारकडे परत जावं.

ज्यांना खरोखरच स्वभावाची एखादी कड सापडली त्यांना दोन रस्ते आहेत. पहिला, प्रसंग स्वभावाला सोयीचा करणं: विसराळू माणसाने लक्षात ठेवायचा निश्चय करण्याऐवजी वस्तू दारात ठेवाव्यात, संकोची माणसाने बैठकीआधी एकट्याशी बोलून घ्यावं. हा रस्ता लगेच फळतो, म्हणून आधी तोच धरा.

दुसरा रस्ता पट्टीवर स्वतःच थोडं सरकण्याचा. वयाबरोबर माणसं सर्वसाधारणपणे जास्त शिस्तशीर आणि भावनिकदृष्ट्या स्थिर होतात, म्हणजे सरकणं शक्य आहे. नेथन हडसन यांच्या गटाने २०१९ मध्ये छापलेल्या १५ आठवड्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला आपल्या हव्या त्या गुणासाठी छोटी आव्हानं निवडली. जितकी आव्हानं पूर्ण केली तितका गुण सरकला. नुसती निवडून न करणाऱ्यांचा फायदा झाला नाही, उलट गुण थोडा विरुद्ध दिशेला गेल्याचं दिसलं. तेव्हा आठवड्याला एक किंवा दोनच आव्हानं घ्या, नक्की होतील इतकी सोपी. शिस्तीसाठी 'भेटीला पाच मिनिटं आधी पोचणं', बहिर्मुखतेसाठी 'वर्गात एक प्रश्न विचारणं'. रविवारी वहीत झालं की नाही एवढंच लिहा. झालं नसेल तर पुढच्या आठवड्यासाठी तेच आव्हान अर्ध्यावर आणा. चार महिन्यांनी पाच गुणांची तीच चाचणी पुन्हा द्या, आणि आधीचा निकाल बघायच्या आत द्या.